कुंकवामागचा दिवा

आजऱ्याहून निघालो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून दत्तूदादाकडे, म्हणजे माझ्या मावसभावाकडे, आलो होतो आणि दोनच दिवसांत माझ्या पायांची चुळबुळ सुरू झाली होती. काजू सोलणाऱ्या बायका बघून झाल्या, घनसाळ तांदळाचा भात चापून झाला, आता पुढे काय? तेवढ्यात दादा म्हणाला, जीपचं पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना, याची सरकारी तपासणी) करायला कोल्हापूरला जायचंय. मी लगेच पिशवी उचलली.

पासिंगची मुदत त्याच दिवशी संपत होती. इतकी वर्षं दादाची जीप वडापला (वाटेत माणसं भरत नेणारी खाजगी गाडी) होती. आता एका काजू कारखान्यातल्या बायकांना खेड्यांतून आणायचं आणि परत सोडायचं कायमचं काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कारखान्याच्या फाटकावर पासिंगचा कागद दाखवला तर काम दादाचं, नाहीतर त्यावर टपून बसलेला दुसरा जीपवाला होताच.

निघताना वहिनींनी जीपची पूजा केली. स्टिअरिंगला हळदीकुंकू वाहिलं आणि मग ओल्या कुंकवाचं बोट समोरच्या वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात टेकवलं. रोज लावून लावून तिथे कुंकवाचा जाड थर बसला होता. दादाने डोळे गच्च मिटून त्याला हात जोडले आणि किल्ली फिरवली.

उत्तूरच्या अलीकडे झाडांच्या दाट सावलीत मला त्या कुंकवाच्या कडेने तांबडा उजेड दिसला. हे काय, म्हणून विचारलं.

"हँडब्रेकचा दिवा हाय. तार सैल झालीया, उगंच पेटतोय."

माझा स्वभाव असा की घरातला नळ ठिबकत असला तर मला झोप लागत नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी उसाचे फड गेले, तंबाखूची रानं गेली. मी आपला कोपऱ्यातल्या तांबड्या कडेकडे बघत बसलो होतो.

निपाणीत चहाला थांबलो. टपरीवाल्याने "बर्री अण्णा" (या दादा) म्हणत दोन कप पुढे सरकवले. माझा चहा संपेपर्यंत दादाने बॉनेट उघडलं आणि सीटखालच्या बाटलीतलं तेल कशात तरी ओतलं. विचारलं तर म्हणाला, आपण चहा पितो, तसं गाडीलाही लागतं की. पुढे बराच वेळ ती तांबडी कड दिसली नाही. कागल यायच्या आत पुन्हा उगवली. मी परत विषय काढला तेव्हा दादा एवढंच म्हणाला, की तुला पुण्यात काही कामधंदा नाही का.

कोल्हापुरात तपासणीचं मैदान कसबा बावड्याच्या बाजूला होतं. तिथली रीतच न्यारी. आग विझवायचं लाल नळकांडं सगळ्या रांगेत मिळून एकच. एका गाडीची तपासणी झाली की ते मागच्या गाडीत जायचं, आणि साहेब प्रत्येक वेळी ते नव्यानेच पाहिल्यासारखं तपासायचे. पुढच्या टेम्पोवाल्याने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "पावणं, सांभाळून द्या मागं. अजून सात गाड्या हायत."

आमची पाळी आली. हॉर्न वाजला, दिवे लागले, हळू वेगात ब्रेकही लागला. साहेबांनी दादाला हँडब्रेक सोडायला सांगितला, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "ते कुंकू पुसा. खालचा दिवा दिसत नाही."

दादाचा चेहरा बदलला. "साहेब, बायकोनं लावलेलं कुंकू हाय. मी न्हाय पुसणार."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. क्षणभर हातात धरला आणि घडी घालून परत ठेवला. त्यांच्याही घरी कुंकू लावणारी कोणी असेलच. मागून हॉर्न वाजू लागले. दादा पुसेना, साहेब पुसेनात, आणि मला तर ते दोघं नुसते अडून राहिलेत हेच सहन होईना. मी हात घातला आणि अंगठ्याने तो थर खरवडून काढला.

खाली दिवा लालभडक पेटलेला होता. हँडब्रेक तर सुटलेला होता.

साहेब म्हणाले, "याचा अर्थ ब्रेकचं तेल कमी आहे. चारच्या आत दुरुस्त करून आणा, नाहीतर आज पासिंग नाही." दादा माझ्याकडे बघतही नव्हता. भावाच्या पोटावर पाय दिला आपण, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी गाडीखाली शिरून मागच्या चाकाच्या ब्रेकचा पाइप बाहेर काढला. तेलाने चिंब झालेला, एका जागी घासून कागदासारखा पातळ झालेला. "पावणं, ह्यो घाटात फुटला असता तर?" ते म्हणाले. दादा त्या पाइपावरून बोट फिरवत राहिला. मग नवा पाइप शोधण्यात दोन तास गेले. समोरच्या हॉटेलात मिसळ मागवली, पण कटाचा (वरून घ्यायच्या झणझणीत रश्श्याचा) पहिला घोट घेऊनच मी घड्याळ बघायला बाहेर आलो. शेवटी ब्रेकमधली हवा काढायला मिस्त्रींनी मलाच पेडलवर बसवलं. दाबा, धरा, सोडा. दाबा, धरा, सोडा. दिवसभरात माझे पाय तेवढेच काय ते कामी आले.

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही मैदानात शिरलो. साहेबांनी किल्ली फिरवायला लावली. दिवा पेटला. दादाने हँडब्रेक सोडला आणि दिवा विझला. साहेबांनी ब्रेक पुन्हा बघितला आणि कागदावर सही केली.

परतताना निपाणीपर्यंत दादा प्रत्येक उतारावर ब्रेक दाबून बघत होता. मग म्हणाला, "कुंकू तू पुसलंस. घरी तूच सांगायचं." त्या वाटेवर मला पहिल्यांदाच वाटलं की आजरा जरा लांब असता तर बरं झालं असतं.

वहिनी भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. तो गाडीवरून ओवाळून टाकला आणि त्यांची नजर थेट काचेच्या कोपऱ्याकडे गेली. मी सगळं सांगून टाकलं, पाइपासकट. त्यांनी खांबाला हात टेकला.

"बरं केलासा, भावजी," त्या म्हणाल्या. "महिनाभर सांगतीया, दिवा पेटतोय, दाखवून घ्या. ऐकंनात. म्हणून रोज तिथंच कुंकू लावायची. म्हटलं, हात जोडताना तरी तिकडं बघतील." मग दादाकडे वळून म्हणाल्या, "तर हे डोळं मिटून हात जोडत्यात."

दादा काचेवर राहिलेला कुंकवाचा डाग नखाने काढत बसला.

दुसऱ्या दिवशी सहाला मी अंगणात उभा होतो. पहिल्या खेड्यातल्या बायका वाट बघत असणार. वहिनींनी आज कुंकू फक्त स्टिअरिंगला लावलं. दादाने किल्ली फिरवली, हँडब्रेक सोडला आणि हात जोडले. तो कोपऱ्याकडे बघत होता.