ताटाच्या कडेची पानं

आमच्या सौदीतल्या, अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये कुंडीत कढीपत्ता आहे. नवऱ्याने तो बीपासून वाढवला. बी नाशिकच्या, त्याच्या आईच्या परसातलं. गेल्या उन्हाळ्यात तो वारला. माझी इथल्या दवाखान्यातली नोकरी चालू होती, म्हणून मी राहिले आणि झाडही राहिलं.

सासूबाई दर शुक्रवारी फोन करायच्या. त्या लेकाचा विषय काढत नसत. "झाड कसं आहे?" एवढंच विचारायच्या. मी "बरं आहे" म्हणायचे.

थंडी सुरू झाली तशी मी कुंडी बाल्कनीतून आत आणून खिडकीपाशी ठेवली. तरी पानं पिवळी पडून गळू लागली. तो झाडाला ताक घालायचा हे आठवलं, म्हणून मी दुकानातून लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली आणली आणि तशीच, दाट, कुंडीत ओतली. पुढच्या आठवड्यात पुन्हा ओतली. मातीवर पांढरी बुरशी धरली, खोलीभर आंबट वास सुटला आणि उरलेली पानंही माना टाकू लागली.

त्या शुक्रवारी माझ्याने "बरं आहे" म्हणवेना. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता त्या रडतील.

"अगं, थंडीत ताक?" त्या म्हणाल्या. "तेही पाणी न घालता? झोपलंय ते. झोपलेल्याला जेवू घालतं का कुणी?"

मग त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. वरची माती चमच्याने खरवडून काढली, कोरडी घातली. रात्री काच गार पडते म्हणून कुंडी खिडकीपासून हातभर मागे घेतली, हीटरच्या झोतातूनही बाजूला केली. फरशीचा गारठा लागू नये म्हणून खाली त्याच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवला. दुपारचं ऊन मात्र चुकवलं नाही. माती बोटाला आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी, तेही कोमट.

बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग थंडी ओसरता ओसरता शेंड्याशी तांबूस कोंब दिसला आणि हळूहळू झाड भरलं. मी एकही पान तोडत नव्हते. सासूबाईंनी ते व्हिडिओ कॉलवर ओळखलं.

"तोड. तोडल्याशिवाय फांद्या फुटायच्या नाहीत."

"हात होत नाही, आई."

"मी बघतेय ना. तोड."

मी एक डहाळी खुडली. त्यांनी फोन गॅसपाशी न्यायला लावला. आमटीच्या फोडणीत पानं तडतडली आणि त्या ऐकत राहिल्या.

जेवण झाल्यावर मी फोन केला.

"पानं खाल्लीस, का त्याच्यासारखी ताटाच्या कडेला काढून ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

झाड एवढ्या हौसेने वाढवणारा तो, पान दाताखाली आलं की तोंड वाकडं करायचा. मी ताटाकडे पाहिलं; कडेला पानं होती.

"कडेला ठेवली," मी म्हटलं.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग त्याच्या लहानपणच्या जेवणाच्या खोड्या सांगत बसल्या. मी ताट तसंच ठेवून ऐकत राहिले.