मी पळाले, आळीही पळाली

आधी कबूल करा, मधेच हसायचं नाही. आणि चहा संपवून घ्या, नाहीतर ठसका लागेल. कारण एका बाईने सकाळी सकाळी अख्खी आळी कशी पळवली, ते मी सांगणार आहे. आणि ती बाई मीच!

आम्ही तेव्हा जामखेडला राहायचो. नव्वद सालानंतरचा एक कोरडा उन्हाळा. पण पळण्याचं मूळ त्याच्याही आधीचं. सुधीर पोटात होता, तेव्हा मी डोंगरावरच्या देवीला बोलले होते, "सुखरूप सोडव आई, पायांनी चढून येईन, वाटेत कुठे टेकणार नाही, आणि तुझी ओटी भरीन."

सुधीर सुखरूप झाला. रांगला, शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटली, तरी नवस आपला तिथेच! चढायला गेले की अर्ध्या वाटेत छातीचा भाता. एकदा तर अशी बसले, की ह्यांना आणि एका नारळवाल्याला मिळून मला उठवावं लागलं. त्यात गुडघे असे कुरकुरायचे, की मी देवघरात बसले तर ह्यांना ओसरीवर कळायचं.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, गोळ्या नाहीत. रोज सकाळी पळा."

पळा? जामखेडात? साडी नेसून? माझं काही वय राहिलं होतं का पळायचं? पण देवाने बुद्धी दिली. नुसती बाई पळाली तर लोक बघत राहतात. व्रत करतेय म्हटलं की वाट सोडतात. मग काय, नेमच धरला! पहाटे अंघोळ करायची, ह्यांचे जुने कॅनव्हासचे बूट चढवायचे, हातात तांब्या घ्यायचा आणि ओढ्यापलीकडच्या महादेवापर्यंत पळायचं. पिंडीवर पाणी घालायचं, तसंच पळत घरी येऊन देवापुढे दिवा लावायचा. दिवा लागेपर्यंत मौन. पाडव्याला धरलेला नेम अक्षय्य तृतीयेला सुटणार, आणि मग मी देवीचा डोंगर चढणार. मधे मोडला, तर पहिल्यापासून.

खरं सांगू? मौनाचा फायदा सगळ्यात जास्त ह्यांना झाला. सकाळचा पेपर पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचून व्हायला लागला.

आणि मलाही गुण येत होता हो! आधी ओढ्यापर्यंत जाताना देव आठवायचे, मग ओढा कधी ओलांडला ते कळेना. गुडघे गप्प झाले. मन कसं घासलेल्या समईसारखं लख्ख! मी रोज अंधारात जायची, अंधारात यायची. आळीत कुणाला पत्ता नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मात्र डोळा लागला आणि उठायला उशीर झाला. बाहेर चक्क उजाडलेलं. पण एवढ्यावर आलेला नेम सोडवेना. घेतला तांब्या आणि निघाले पळत.

आता आळीची दशा ऐका. पाण्याचा टँकर दोन दिवस फिरकला नव्हता. बायका उंबऱ्यात हंडे मांडून, कान टवकारून बसलेल्या. आणि त्यांच्यासमोरून हातात भांडं घेतलेली एक बाई जीव खाऊन पळतेय! तुम्ही असता तर काय समजला असता?

"अगं, टँकर कुठे आलाय?" शेजारच्या शालनवहिनी ओरडल्या.

मौन! मी जोरजोरात हात हलवला. म्हणजे, टँकर-बिंकर काही नाही, तुम्ही बसा.

"बघितलंत? कुणाला सांगू नका म्हणते!" शालनवहिनींनी कळशी उचलली.

मी वळून तोंडावर बोट ठेवलं. म्हणजे, माझं मौन आहे हो!

"गप ऱ्हावा म्हनती!" कोपऱ्यावरची म्हातारी कौसाबाई कडाडली. "एकलीच भरती व्हय गं? चला गं पोरींनो, सोडू नका तिला!"

मी जोरात पळाले. त्या आणखी जोरात पळाल्या. हंड्यांवर हंडे आपटतायत, कुणाची चप्पल तुटली, कुणाचा पदर बोरीत अडकला, आणि मी सगळ्यांच्या पुढे, मनातल्या मनात ॐ नमः शिवाय!

देवळापाशी टँकर असणार कुठून? मी आत गेले, पिंडीवर धार धरली, हात जोडले. मागे वळते तो गाभाऱ्याच्या दारात सगळी आळी, रिकामे हंडे घेऊन, धापा टाकत.

"आगं बया," कौसाबाई खांबाला धरून म्हणाली, "ह्या तांब्याभर पान्यापायी पळिवलं व्हय आमाला?"

मी काही बोलणार, छे, बोलता कुठे येत होतं! आणि तेवढ्यात आळीच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. लांबलचक.

टँकर आला होता हो! दोन दिवसांनी आला होता, आणि आळीत एक बाई नाही, एक हंडा नाही!

आता मात्र मी पळाले ती खरी पळाले. बाकीच्या दमलेल्या, ओढ्यातच मागे पडल्या. मी आळीच्या तोंडाशी पोहोचते, तर टँकर वळून निघालेला. मी सरळ रस्त्यात उभी राहिले, दोन्ही हात पसरून.

ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि डोकं बाहेर काढलं. "काय मावशी? इथं कुनीच न्हाई, म्या चाललो फुडच्या वाडीला. सरका!"

मी हातवारे केले. तो म्हणाला, "मुकी हाय वाटतं," आणि टँकर बाजूने काढायला लागला.

डोळ्यांपुढे डोंगर आला. देवीची ओटी आली. उद्याचा दिवस आला. आणि मागून येणारे रिकामे हंडेही आले.

"थांब रे मेल्या!" मी अशी ओरडले, की दारात दात घासणाऱ्या ह्यांच्या हातातला ब्रश पडला. "पाणी दिल्याशिवाय हलशील तर याद राख!"

टँकर थांबला. मागच्या बायकाही पोहोचल्या, सगळ्या आळीचे हंडे भरले. मी पायरीवर बसले आणि डोळ्यांना पदर लावला.

कौसाबाई हंडा खाली ठेवून शेजारी टेकली. "तुजं मौन मोडलं, पर समद्यांच्या घरात पानी आलं. म्हादेव काय एवढा कोत्या मनाचा हाय व्हय?"

नेम पहिल्यापासून धरायचा ठरवलं. दुसऱ्या पहाटे दार उघडते, तर बाहेर कौसाबाई, शालनवहिनी आणि आणखी चौघी-पाचजणी, पदर खोचून उभ्या!

"काल पळाले नि राती अशी निजले, लई दिसांत तशी झोप न्हाई," कौसाबाई म्हणाली. "चल, म्होरं हो."

कौसाबाईबरोबर मौन पाळणं कुणाला जमणार? त्याऐवजी पळताना नामस्मरण धरलं. महिनाभरात शालनवहिनींचा दमा हलका झाला, आणि नंबरावरून होणारी टँकरवरची भांडणं तर बंदच पडली. सकाळी एकत्र धापा टाकलेल्या बायका दुपारी कशाला भांडतील?

नेम पुरा झाला. आम्ही सगळ्या टेम्पोने डोंगराच्या पायथ्याशी गेलो. आणि सांगते, मी कुठेही न टेकता, एका दमात वर! बाकीच्या अजून निम्म्या पायऱ्यांवर. देवीपुढे उभी राहिले, ऊर असा भरून आला! म्हटलं, "बघ आई, आले की नाही पायांनी?"

देवीही हसल्यासारखी वाटली. पुजाऱ्याने हात पुढे केला, "द्या, ओटी द्या."

ओटी?

खण, नारळ, तांदूळ, सगळी पिशवी खाली टेम्पोत!

त्या दिवशी मी डोंगर दोनदा चढले. दुसऱ्यांदाही कुठे टेकले नाही बरं का!