डब्यातलं 'पुन्हा'

माझा नवरा आदर्श चाळिशीला टेकला, पण आमच्या जोहे गावात त्याला अजून कोणी कारागीर म्हणत नाय. 'हिरामणचा पोर' म्हणतात. आग लागो त्या म्हणण्याला! माती मळतो तो, साचे भरतो तो, रंग मारतो तो. पण आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा ब्रश एकाच्याच हातात असतो, आणि माझ्या सासऱ्यांनी तो कधी सोडला नाय.

मग ते माळ्यावरून पडले. कमरेखालचं सगळं गेलं. खाटेवर पडल्या पडल्या पहिलं काय विचारलं? "डोळे कोण आखील?" कोण म्हणजे काय? घरात दुसरं हाय कोण? आदर्शने ब्रश उचलला. असं बुबुळ ठेवतो की मूर्ती आपल्याकडेच बघून हसते. बायको म्हणून नाय सांगत. रोह्याच्या एका कारखानदाराने ते डोळे बघितले आणि आखणीच्या कामाला ये म्हणून मागे लागला. राहायला दोन खोल्या देणार होता. मी तर मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली.

इकडे सासऱ्यांची कुरकुर थांबेना. "मला न दाखवता डोळे बाहेर गेले." कारखाना गावाच्या टोकाला. खुर्चीत बसवून नेतो म्हटलं तर म्हणाले, "चौघांनी उचलून कारखान्यात जायाचा नाय मी."

तेव्हा सुरभीने, म्हणजे पुण्यात वेबसाइटी बनवणाऱ्या माझ्या नणंदेने, डोक्याला बांधायचा तो व्हीआरचा डबा आणला. तो घातला की ब्राउझरमधूनच आमचा कारखाना उघडतो. चहूकडे फळ्या, फळ्यांवर मूर्ती, आणि भिंतीवर एक पान. आदर्शने मूर्तीचा फोटो टाकला की त्या पानावर दिसतो. खाली दोन बटणं, 'पास' आणि 'पुन्हा'. आधी ती दाबलीच जाईनात. सुरभी म्हणाली, "वहिनी, वेबसाइटचं पान डब्यात जसंच्या तसं येत नाही गं. त्याचं चित्र करून भिंतीला लावावं लागतं. बाबांच्या हातातल्या रिमोटचा किरण चित्रावर कुठे पडला ते बघायचं आणि मागच्या खऱ्या बटणाला कळवायचं." बरेच दिवस डोकं फोडलं पोरीने. शेवटी बटण दाबलं गेलं तेव्हा सासरे लहान पोरासारखे ओरडले, "लागला गो, लागला!"

झालं. तिथून आमचं सुख संपलं. आदर्शच्या मोबाइलवर बघावं तर 'पुन्हा'. पुन्हा म्हणजे आखलेले डोळे पुसा, पांढरा द्या, वाळू द्या, परत आखा. न्यायची गाडी दारात उभी राहिली की मगच 'पास' यायचा. बाकीचे कारागीर गालातल्या गालात हसायचे. आदर्श ताटावर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत राहायचा. माझा जीव तुटायचा.

"एकदा, एकदाच पहिल्या फटक्यात पास करू देत," तो म्हणाला. "नायतर मी चाललो रोह्याला. मालकाला उद्या कळवायचं हाय." मी मनात म्हटलं, देवा, येऊ दे 'पुन्हा'.

दुसऱ्या दिवशी त्याने जे डोळे आखले ते बघून मलाच भरून आलं. तशीच घरी आले सासऱ्यांना जेवण वाढायला. ते डबा घालून बसले होते. हात उचलला, रोखला, दाबलं. "काय दाबलंत?" म्हटलं. म्हणाले, "पुन्हा."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या डोक्यावरचा डबा काढला आणि स्वतः घातला. पान समोर होतं, फोटो होता. पण डोळे? दोन काळपट डाग नुसते. भिंतीवरच्या चित्रात ती बारीक रेघ उतरतच नव्हती. बटणं मात्र ठसठशीत.

"बाबा, तुम्हाला हे डोळे दिसतात?"

"नाय दिसत गो."

"मग पुन्हा कशाला दाबता? पोराचा जीव घेताय तुम्ही!"

ते चादरीचा काठ चुरगाळत बसले. "पास म्हटलं की पान कोरं होतं, नूतन. मग मला कोण इचारतो? पुन्हा म्हटलं की तो परत फोटो पाठवतो."

मी वळले तर दारात आदर्श. भांडायलाच आला होता, हातात मोबाइल. सगळं ऐकलं होतं त्याने.

तसाच माघारी फिरला. मी मागोमाग. वाटेत त्याने रोह्याला फोन लावला. "शेठ, नाय जमायचं माझं."

"आणि माझं काय?" भर रस्त्यात ओरडले मी. त्या दोन खोल्या माझ्यापण होत्या. तो चालत राहिला.

कारखान्यात मूर्तीसमोर बसला. ओल्या फडक्याने ते देखणे डोळे पुसले, पांढरा दिला, वाळेपर्यंत गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिला. मग तेच डोळे तसेच्या तसे परत आखले आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"काढ फोटो. बाबा वाट बघत असतील."

शिव्या देत देत मी फोटो काढला आणि पाठवला.