पप्पा दिवसा झोपतात

"ओढणी कमरेला खोच आणि ठुमकत चाल. तुला नॅचरली जमेल."

सर हे सगळ्यांसमोर बोलले. पिंपळे गुरवमधला आमचा छोटा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ. पात्राची हालचाल आधी आमच्यातल्याच कोणीतरी करून दाखवायची, मोबाइलवर शूट करायची आणि त्यावरून चित्रं काढायची, ही पद्धत. त्या दिवशीचं पात्र होतं कामवाली बाई. मोबाइल माझ्यावर रोखलेला. माझ्या हातात ताट. ते पाडायचं होतं.

ताट पडायचा तो विनोद माझ्या घरातला होता.

पप्पा महाळुंग्याच्या कंपनीत रात्रपाळी करतात. सकाळी येतात, जेवतात, झोपतात. दोन खोल्यांचं घर. म्हणून दिवसा आम्ही खुणांनी बोलतो. आईने लाटणं हलवलं की जेवायला यायचं. भांडणंही मुक्यानेच. एकदा रिमोटवरून आई आणि मी हातवारे करत इतक्या भांडलो, की शेवटी दोघींनी हसू दाबायला तोंडात उशी कोंबली. एकदा भावाच्या हातून ताट पडलं. आम्ही तिघं पुतळे. पप्पा झोपेतच, कंपनीत मशीनसमोर असल्यासारखे ओरडले, "लाइन बंद करा रे!"

स्टुडिओत माझ्या शेजारी बसणारी शर्वरी प्राधिकरणातल्या बंगल्यातली. आमच्या सीरिजमधलं कुटुंब तिच्या घरावरून काढलेलं. तिचा झोपाळा, तिची आजी, तिच्या बाबांची पेपर वाचायची तऱ्हा. बघणारे म्हणतात, अगदी आपल्या घरातलं. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या कपड्यांचा नाही, स्कूटरचा नाही. तिला स्वतःचं घर कोणाला समजावून सांगावं लागत नाही, याचा.

मग क्लायंटने कळवलं, डायव्हर्सिटी हवी. वेगवेगळी माणसं दिसू द्या. मीटिंगमध्ये मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले. खुणांसकट सगळं करून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. घरी येऊन मी चित्रही काढलं आणि सरांना पाठवलं. निळी भिंत, बुद्धाची तसबीर, खाटेवर पप्पा.

स्क्रिप्ट आली. झोपलेला बाप शर्वरीचा झाला होता. अमेरिकेच्या कॉलवर रात्रभर जागणारा आयटीवाला. लाटणं हलवणारी आई तिची. ताट पाडणारी कामवाली तेवढी आमच्यातली.

आता तेच ताट हातात धरून मी उभी होते. म्हणाले, "सर, हे आमच्या घरातलं आहे."

"अगं, मग आहे की तुमच्यातलं कोणीतरी. बाई आहे ना?"

"बाप कंपनीतला का नाही?"

"रात्रपाळीचा बाप फनी नाही गं, सॅड वाटतो. आणि ती तसबीर उगाच पॉलिटिकल होते."

"आम्ही हसतो, सर."

"तुम्ही हसता. ऑडियन्सचं काय?"

शर्वरी म्हणाली, "चिल गं. तू तर तशी वाटतही नाहीस. किती छान इंग्लिश आहे तुझं!"

तशी. म्हणजे कशी, हे तिने सांगितलं नाही. मला कळलं.

मी ओढणी सोडली. ताट टेबलावर ठेवलं.

"मी नाही करणार. अशी कोणी चालत नाही."

मग शर्वरी उठली. तिने ओढणी खोचली, ठुमकली, ताट पाडलं. सगळे हसले. तिला छान जमलं. तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. इतक्या सहज कोणाचंही होऊन दाखवायचं, आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसायचं.

ती शॉर्ट ऑनलाइन आली. आईने मोबाइलवर पाहिली. लाटण्याच्या खुणेला तिचा चेहरा खुलला. पप्पा झोपले होते, म्हणून ती हळूच म्हणाली, "हे आपलंच की गं. मग यात आपण कुठं आहोत?"

मी त्या बाईवर बोट ठेवलं. आईने मोबाइल उपडा ठेवला.

हेवा गेलेला नाही. त्याची मला लाजही वाटत नाही. शर्वरीचं घर पडद्यावर दिसलं की पोटात आग पडते, आणि ती मला विझवायची नाही. तिच्या घराच्या भिंती मी आता फक्त पगारापुरत्या रंगवते. माझं घर यापुढे कोणाच्या मीटिंगमध्ये करून दाखवणार नाही. ते मीच काढणार आहे. सुरुवात केली आहे. त्यात धुणंभांडी करणारी बाई आली, तर आधी तिचं नाव ठरेल, मग चाल. तसबीर भिंतीवरच राहील. पप्पा घोरतील. ज्याला हसायचं असेल त्याने आमच्यात बसून हसावं. जमत नसेल तर उठून जावं.