धावपट्टीवरची मेढ

खळ्याला चार गोष्टी लागतात: टणक जमीन, मधोमध रोवलेली मेढ, तिच्याभोवती फिरणारे बैल आणि शेवटी वारा. पहिलीसाठी आमच्या गावाला दरवर्षी आठवडाभर राबावं लागे. पाणी मारायचं, चोपायचं, शेणानं सारवायचं. महायुद्धाची लढाई संपली तेव्हा ही मेहनत वाचली.

लढाईच्या वर्षांत सरकारनं आमच्या गायरानावर मुरूम टाकून, रूळ फिरवून विमानांसाठी धावपट्टी केली होती. उडायला शिकणारी पोरं तिथं चाकं टेकवत आणि लगेच वर जात. त्यांचे चेहरे आम्हाला कधी दिसले नाहीत. मग तंबू उठले. मागे राहिले चुना फासलेले दगड आणि एका उंच बांबूवर वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड.

"सरकारनं खळं करून दिलं रं," माझे सासरे शेजाऱ्यांना म्हणाले, "तेबी बिनशेणाचं!"

सगळं गाव हसलं, आणि सगळ्या गावानं आपापली ज्वारी तिथं नेली. धान्य वाऱ्यावर उफणायला उभं राहण्याआधी लोक बांबूवरच्या कापडाकडे बघत. मी त्या घरात नवी सून होते. एवढं सोयीचं खळं माझ्या माहेरी पाथरीकडेही नव्हतं.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात जीपमधून हत्यारबंद माणसं आली. मुरमावर पाय आपटून त्यांचा म्होरक्या म्हणाला, "परसों जहाज उतरेगा. मैदान साफ होना."

जहाजातून काय उतरणार, हे कोणी विचारलं नाही. बंदुका येणार, अशी कुजबुज आधीपासून होतीच. लोकांनी त्याच दिवशी कडबा हलवला, राशी उचलल्या, मेढी उपटल्या. आमचं मात्र अडलं. मळणी झाली होती, पण वारं पडलं होतं. कापड बांबूला चिकटून लोंबत होतं. उफणल्याशिवाय रास होत नाही, आणि रास मापून उचलल्याशिवाय मेढ काढत नाहीत.

नवऱ्यानं सासऱ्यांना विनवलं, "दादा, मेढ आता उपटू. जहाज गेल्यावर पुन्ना रोवू."

"बाईचं कुंकू पुसून सांजच्याला पुन्ना लावत्यात व्हय रं?"

सासूबाई भाकरी बांधत होत्या. त्यांचा हात थांबला. "असलं वंगाळ बोलू न्हाई," त्या एवढंच म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सकाळी कापड हललं. सासरे लगेच तिवईवर चढले आणि उफणायला लागले. मी सूप भरून देत होते. भुसा उडायला लागला. उफणणी संपत आली, तेव्हा त्याच वाऱ्यावर घरघर ऐकू आली. विमान खाली आलं. चाकं जमिनीला लागतील इतकं खाली. बैल दावं तोडून पळाले. मेढीच्या अलीकडे विमानानं नाक वर केलं, एक घिरटी घातली आणि आलं त्या दिशेला निघून गेलं.

"मामंजी, घरी चला," मी म्हणाले.

"आता तर रास झाली. पायली आण."

मानवतच्या वाटेवर धूळ दिसायला लागली होती. त्यांनी राशीला हळद-कुंकू वाहिलं आणि मापायला बसले. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आणि रास संपेपर्यंत मापणाऱ्यानं दुसरं काही बोलायचं नसतं. लॉरी येऊन थांबली. "ये खंबा किसका है?" म्होरक्यानं विचारलं. सासरे मापत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं. नवरा पुढे झाला, तर सासऱ्यांनी डोळ्यांनीच त्याला मागं सारलं.

शेवटचं माप पोत्यात पडलं. मग ते उठले, पहारीनं मेढ सैल केली, उपटून नवऱ्याच्या हातात दिली.

"माजी हाय, साहेब."

त्या माणसांनी सासऱ्यांना लॉरीत बसवलं. त्यांच्या पायातल्या वहाणा खळ्याच्या कडेलाच राहिल्या.

सप्टेंबरात हिंदुस्थानचं सैन्य आलं, तुरुंग उघडले. परभणीहून, औरंगाबादहून लोक घरी आले. नवरा दोन्हीकडे जाऊन आला. सासऱ्यांना पाहिलेलं कोणीच भेटलं नाही.

ती ज्वारी आम्ही खाल्ली, दुसरी नव्हती. मेढ आडव्या तुळईसारखी गोठ्यात पडून राहिली, कारण धावपट्टीवर पुन्हा कोणी खळं केलं नाही. सासरे गेले, असं सांगायलाही कोणी आलं नाही. सासूबाई रोज आंघोळ झाली की कुंकू लावत, आणि लावताना गायरानाकडे पाठ करून बसत.