कुठला अंधार चालेल

लढाईच्या दिवसांत माझी बहीण कर्जतच्या दवाखान्यात अडली होती. पोट फाडूनच मूल काढावं लागणार होतं आणि वादळात विजेची तार तुटलेली. तेव्हा स्टेशनजवळ उतरलेल्या फिरत्या सिनेमाचं वीज करणारं इंजिन मागवलं. ते चालवणारा खालापूरकडचा होता. नाव मी विचारलं नाही.

इंजिनाची तार दवाखान्याच्या तारांना जोडून, मोठ्या दिव्याचा प्लग हातात घेऊन तो भिंतीवरची एकेक खोबण पाहत संथपणे फिरला. मग डॉक्टरांना म्हणाला, "सायेब, येवढ्या इंजिनावर समदं चालनार नाय. कुठला अंधार चालंल, ते सांगा."

"अरे, अंधार कुणाला चालतो?"

"आमच्या सिनेमाला चालतो की!"

डॉक्टर हसले आणि त्यांनी फक्त मेजाजवळची खोबण मागितली. तिथे प्लग सैल बसत होता. त्याने चाकूने पितळी टोकं किंचित फाकवली. बाकीच्या खोबणींत कापूस कोंबला, कुणी पंखा लावू नये म्हणून.

इंजिन धडधडू लागलं. दाराचा पांढरा पडदा उजळला आणि त्यावर सावल्या हलू लागल्या. आम्ही बाहेर अंधारात बसून पाहत होतो. तो मात्र पडद्याकडे पाठ करून, इंजिनावर हात ठेवून उभा होता.

मूल रडलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आता समदे दिवे लाव रं!"

तो हलला नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टर हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "दोघं सुखरूप आहेत."

त्याने इंजिन बंद केलं.

"आता त्यांना अंधार चालंल," तो म्हणाला. "निजू द्या."