कपलिंगवाल्याची चेन

"उतर! उतर लवकर! चेन गेली!"

नवरा ओरडत होता. मी केव्हाची उतरून त्याच्या मागे रस्त्यात उभी होते, पण मागे वळून पाहील तर तो नवरा कसला! इंजिन डरकाळ्या फोडत होतं आणि मोटारसायकल मात्र जागच्या जागी. दहा पावलं मागे धुळीत आमची चेन लांबलचक पसरली होती. ती तुटली तेव्हा असा आवाज झाला की कुरुदच्या तळ्यावरचे बगळे उडाले, ते थेट रायपूरला जाऊन बसले. मी काही मोजायला गेले नाही, पण एकही परत आलेला दिसला नाही.

"कायले ओरडून राहिले?" मी म्हटलं. "मी इथंच आहो."

"मंग सांगाचं ना! मले वाटलं पडली कुठं!"

कुरुद मागे पडलं होतं आणि नंदिनी अजून सात-आठ मैल पुढे. तिथं चुनखडीच्या खाणीवरच्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा निघाली होती. मास्तरीणबाईची जागा एकच, आणि मुलाखत अकरा वाजता. लग्नानंतर माझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पाच वर्षं ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत झोपलं होतं. कारखाना उभा राहत होता, भट्ट्या पेटत होत्या, साऱ्या भिलाईला काम मिळालं होतं. मीच तेवढी क्वार्टरमध्ये बसून तांदळातले खडे वेचत होते. ही जागा गेली असती तर पुढची कधी निघणार, ते त्या खाणीतल्या खडकालाच ठाऊक.

नवऱ्याला हे माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं. अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं तीनदा लिहून काढला होता. माझं अक्षर त्याला ढिलं वाटे.

ढिलं काहीच त्याला खपत नसे. कारखान्यात येण्याआधी तो नागपूरकडे रेल्वेत डबे जोडायच्या कामावर होता. दोन डब्यांमधलं कपलिंग असं कसायचं की गाडी सुटताना कपातल्या चहानं हलू नये, हा त्याचा धर्म. घरी आला तरी धर्म सुटला नाही. आमच्या बाजेवर निजलं तर माणूस वर उडून पुन्हा पडायचा. मच्छरदाणीवर मच्छर बसला तर तबला वाजायचा. आणि माझ्या मुलाखतीच्या मानाप्रीत्यर्थ आदल्या संध्याकाळी त्यानं मोटारसायकलची चेन कसली होती. दोन तास! शेजारीण विचारून गेली, घरात सतार आणली का म्हणून.

आता त्यानं चेन उचलली. टोकं जोडणारी कडी निखळून कुठे गेली, पत्ता नाही. पण टूलबॉक्समध्ये एक जादा कडी होती, ती त्यानं बसवली आणि पाना घेऊन पुन्हा आवळायला लागला.

"अजून कसता?" मी विचारलं.

"ढिली राहली असन, म्हणून तुटली."

तेवढ्यात खाणीतल्या यंत्रांवर काम करणारा एक मिस्त्री सायकलवरून आला. छत्तीसगढी माणूस, मागे डबा बांधलेला. एक पाय जमिनीला टेकून त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "भइया, ये फेर टूट जाही।"

"आठ साल कपलिंग कसा है मैंने!" नवरा गरजला.

मिस्त्रीनं सायकल झाडाला लावली. त्यानं एवढंच विचारलं, की डब्यात माणसं बसली म्हणून दोन डब्यांमधलं अंतर वाढतं का? मग मिस्त्री माझ्याकडे वळला. "दीदी, थोड़िक बइठव तो।"

मी बसले. त्या काळी मी अंगानं अशी होते की माझ्या सावलीत बैलजोडी विसावायची. मागच्या स्प्रिंगा दबल्या, चाक जरासं मागे सरकलं, आणि चेन टण्णकन ताणली गेली. मिस्त्रीनं तिला टिचकी मारली. शेजारणीची सतार! मी उतरले, चेन सैलावली. बसले, ताणली.

नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "म्हणजे ही बसली का चेन लहान पडते?"

"तुमी बसले तरी पडते," मी म्हटलं. "सारं माह्यावर ढकलू नका."

मग मिस्त्रीनं धडा दिला. कडीवरचा लॉक, म्हणजे तिला धरून ठेवणारी चिमट्यासारखी पट्टी, त्यानं काढून फिरवला. नवऱ्यानं घाईत उलटा बसवला होता. लॉकची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला हवी, उघडं तोंड पुढे राहिलं तर कशाला तरी अडकून तो निघतो. चाक फिरवून चेन कुठे जास्तीत जास्त ताणते ती जागा शोधली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच आटे सोडले, म्हणजे चाक तिरपं बसत नाही. आणि शेवटी आम्हा दोघांना गाडीवर बसवलं.

भर रस्त्यात, उभ्या गाडीवर, फोटो काढायला बसावं तसे आम्ही ताठ बसलो होतो आणि मिस्त्री खाली उकिडवा बसून चेन अंगठ्यानं वरखाली करत होता. चुनखडीचे ट्रक हॉर्न वाजवत जात होते. नवऱ्याचे कान लाल झाले होते. पेरभर ढील मिळाली तेव्हा मिस्त्री उठला आणि आमचे आभार ऐकायलाही न थांबता सायकलवर टांग मारून गेला.

पोहोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझं नाव दोनदा पुकारून झालं होतं. मी शिपायाला बाजूला सारून आत शिरले. टेबलामागे एक म्हातारे साहेब होते. त्यांनी माझ्या सर्टिफिकेटवर उमटलेला नवऱ्याच्या अंगठ्याचा ग्रीसचा काळा ठसा पाहिला.

"ये क्या है?"

"चेन टूट गई, साहब।"

"क्यों टूटी? पाँचवीं के बच्चों को जैसे समझाओगी, वैसे समझाओ।"

मी वेणीची रिबन सोडली. टेबलावर शाईच्या दोन दौती होत्या, त्यांच्याभोवती ती गुंडाळली. हे पुढचं चक्र, हे मागचं. आता गाडीवर बाई बसली, असं म्हणून मागची दौत जरा ओढली. रिबन ताठ झाली आणि जोर जरा जास्तच लागला. दोन्ही दौती आडव्या! शाई बाकीच्या सगळ्या उमेदवारांच्या अर्जांवरून वाहिली. वाचता येईल असा एकच अर्ज उरला, साहेबांच्या हातातला माझा, नवऱ्यानं तीनदा लिहिलेला. माझ्या शिकवण्यामुळे लागले की शाईमुळे, हे साहेबांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सोमवारपासून या, म्हणाले.

मी बाहेर धावले. नवरा उन्हात गाडीशेजारी उकिडवा बसला होता, अंगठा चेनखाली.

"लागले! अहो, नोकरी लागली!" मी अशी ओरडले की खाणीतल्या लोकांना सुरुंग उडाल्यासारखं वाटलं असेल.

त्यानं मान वर केली नाही.

"बरं," तो म्हणाला. "आता बस मागं. ढील पाहाची आहे."